नव्या रंगाखालचे पोचे

गोदामात नोकरी लागली तेव्हा आमच्या घरात कुणाला फारसा आनंद झाला नाही. आई म्हणाली, "बी.कॉम. होऊन खोकी मोजायची?" माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, मशीन काही थांबवलं नाही. पायडल मारता मारताच विचारलं, "तिकडे बस जाते का?" लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणाचं दुकान होतं. घरातून दुकानात जायला त्यांना तीन पावलं लागायची, त्यामुळे रोज बसने कामाला जाणाऱ्या माणसांची त्यांना कायम कीव यायची.

बस होती. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पाऊण तास लागायचा. गोदाम एका व्यापारी कंपनीचं होतं. निरनिराळ्या कारखान्यांचा माल तिथे येऊन राहायचा आणि मागणी येईल तसा लॉऱ्यांमधून आसपासच्या जिल्ह्यांत जायचा. सुरुवातीला बहुतेक माल उदबत्तीचाच होता. मी संध्याकाळी घरी आले की आई म्हणायची, "देवाचं नाव न घेता देवळातून आल्यासारखी येतेस बघ."

माझं काम स्टॉक क्लार्कचं. कुठला माल कुठे ठेवला, किती आला, किती गेला, ते लिहायचं. तोवर सगळा माल जमिनीवर थप्प्या लावून ठेवत. मी लागले त्याच्या सहा महिन्यांनी मालकांनी रॅक बसवायचे ठरवले, आणि बंगळूरहून एक फिटर आपली माणसं घेऊन आला. ज्यांनी अशी गोदामं पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते. लोखंडी पत्र्याचे निळे उभे खांब असतात, त्यांना भोकं असतात. त्या भोकांत नारिंगी आडवे बीम आकड्यांनी अडकवतात. वेल्डिंग नसतं. बीम वर उचलला जाऊन निसटू नये म्हणून प्रत्येक सांध्याला एक छोटी पिन घालतात. माल लाकडी पॅलेटवर रचायचा, फोर्कलिफ्टने, म्हणजे पुढे दोन लोखंडी काटे असलेल्या गाडीने, उचलायचा आणि त्या बीमांवर नेऊन ठेवायचा. आमचे रॅक तीन मजली होते. पाहिलं की मान वर करावी लागायची.

काम संपल्यावर फिटरने सगळ्यांना गोळा करून रॅकची निगा कशी राखायची ते सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात चहा आला. सगळे चहाकडे वळले आणि ऐकायला मी एकटी उरले. तो तमिळ मिसळलेल्या कन्नडमध्ये बोलत होता.

"हा खांब दिसतो जाड, पण आहे दुमडलेला पत्रा. सरळ आहे तोवर याच्यावर हत्ती ठेवा. वाकला की कागद समजायचा."

मग त्याने तपासायचं कसं ते दाखवलं. एक मीटरची सरळ सळई खांबाला लावायची आणि मधली फट बघायची. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक धरून त्या फटीत गेली, तर खांब वाकलाय. त्याच्या दोन्ही बाजूंचा माल लगेच उतरवायचा, कारण एक खांब दोन्हीकडचं ओझं घेतो. पिना बघायच्या. पायाशी जमिनीत ठोकलेले बोल्ट बघायचे. "दर आठवड्याला बघा," तो म्हणाला, "आणि गाडीची धडक लागली तर त्याच मिनिटाला." मी ते सगळं स्टॉकच्या कागदामागे लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या मॅनेजरसाहेबांनी तो कागद वाचला. पन्नाशीचे, टापटीप, उन्हाळ्यातही बाह्यांची बटणं लावून बसणारे गृहस्थ. म्हणाले, "तुम्हीच ऐकलंत ना? मग आता तुम्हीच बघा."

अशी दर शनिवारची फेरी माझ्याकडे आली. अप्पांकडे बंद पडलेल्या एका कापडदुकानातून आलेली लोखंडी मीटरसळई होती. ती मी मागून घेतली. द्यायला ते फार खूश नव्हते.

गोदामात दोन फोर्कलिफ्ट आणि दोन ड्रायव्हर. त्यातले थोरले माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे होते. भरघोस मिशा, आणि खाकी कपड्यांना रोज इस्त्री. अरुंद गल्लीत ते गाडी अशी वळवायचे की उभं राहून बघत राहावं. मी त्यांना अण्णा म्हणत असे. ते मला मेडम म्हणत. शहर कन्नड, म्हणून आमचं बोलणंही कन्नडमध्ये, आणि तेही कामापुरतं.

रॅक बसल्या बसल्या मॅनेजरसाहेबांनी फळ्यावर एक नोटीस लावली होती. जो ड्रायव्हर रॅकला धडक देईल त्याला आठ दिवस गाडीवरून उतरवून हमालीवर घातलं जाईल. साहेबांनी आधीच्या नोकरीत एक रॅक कोसळलेला पाहिला होता, हे मला बरंच नंतर समजलं. भीती असली की माणसं जपून चालवतात, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

दोनेक महिन्यांनी एका शनिवारी मला पहिला पोचा सापडला. दुसऱ्या ओळीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर. निळ्या रंगावर फोर्कलिफ्टचा पिवळा रंग घासलेला, आणि नाणी दोन्ही आत गेली. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतके शनिवार फिरून काहीतरी हाती लागलं होतं. मी व्यवस्थित रिपोर्ट लिहिला. त्या गल्लीत गाडी कुणाची असते, एवढंच साहेबांनी विचारलं.

अण्णांची असायची. सोमवारपासून आठ दिवस ते इस्त्रीच्या खाकीत खोकी वाहत होते. मी माझ्या टेबलावरून बघत होते. एकदाही त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला वाटलं, चुकलंय त्यांचं, मी काय करणार. खांब बदलला गेला. साहेब मला म्हणाले, "छान काम केलंत."

त्यानंतर चार महिने एकही पोचा सापडला नाही. साहेबांना वाटलं नोटीस लागू पडली. मलाही तेच वाटलं.

मधल्या काळात उदबत्तीचा माल कमी होत गेला आणि त्या जागी शाळेच्या वह्या येऊ लागल्या. उदबत्तीचं खोकं मी एका हाताने उचलत असे. वह्यांचा गठ्ठा दोघांनी उचलायचा. मे महिन्यात तर जिकडेतिकडे वह्याच. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी मंड्या, हासन, चामराजनगर इथल्या दुकानांत त्या पोचायला हव्या होत्या.

अशाच एका शनिवारी, दुपारी, मी तिसऱ्या ओळीतून चालले होते. छताला मध्ये मध्ये उजेडासाठी पारदर्शक पत्रे होते, त्यातून ऊन बरोबर एका खांबावर पडलं होतं. त्या खांबाचा वीतभर भाग बाकीच्यापेक्षा जास्त निळा दिसला. हात लावला तर बोटाला चिकट लागलं. ताजा रंग.

सळई लावली. एक नाणं सहज गेलं, दुसरं अडलं. म्हणजे खांब अजून धोक्याच्या अलीकडे होता. पण मी घाबरले ते दुसऱ्याच विचाराने. हा मला दिसला तो उन्हामुळे. न दिसलेले किती असतील? ओळींच्या आतल्या बाजूचे, पॅलेटमागचे? आणि गल्लीच्या तोंडाशी पॅकिंगच्या सहा-सात बायका जमिनीवर बसून छोट्या मागण्या बांधत होत्या, अगदी त्या रॅकला पाठ लावून.

मी त्यांना म्हटलं, "इथे काय उकडतंय! तिकडे पंख्याखाली बसा ना."

त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई हसली. "काय मेडम, आज आमची दया आली?" पण उठल्या सगळ्या. मी त्या गल्लीला दोरी बांधली आणि मालाची मोजणी चालू आहे अशी पाटी अडकवली. साहेब बंगळूरला गेलेले. सोमवारी येणार होते. दुसऱ्या दिवशी रविवार, गोदाम बंद. तेवढाच मला धीर.

रविवारी सकाळी मी आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसले होते. बाहेर दुकानात कुणी गिऱ्हाईक आलं. "अप्पा, ही कंबर दोन बोटं सैल करून पाहिजे. स्वल्प अर्जंट आहे," असं मराठीत म्हणालं. आमच्या समाजाच्या बोलण्याहून जरा वेगळी मराठी. आवाज मात्र ओळखीचा वाटला. मी दारात येऊन पाहिलं तर अण्णा उभे.

दोघेही गोंधळलो. ते अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलायला लागले. "मेडम, हे तुमचं घर? मला गोत्तच नव्हतं, म्हणजे ठाऊकच नव्हतं."

अप्पा म्हणाले, "घरात कसली मेडम? माझी मुलगी ती. तुम्ही मराठी बोलता होय? कुठले तुम्ही?"

"इथलेच की. आमचे खापरपणजोबा इथल्या महाराजांच्या घोडदळात होते म्हणतात. घरात अजून हेच बोलतो. पोरं आमची कन्नडातच उत्तर देतात आता, अल्लवा, होय की नाही?"

अप्पांना फार आनंद झाला. आतल्या दिशेने "कॉफी टाक गं" म्हणून ओरडले आणि टेप घेऊन अण्णांच्या कंबरेचं माप घ्यायला लागले. वर्षभर आम्ही दोघं एका छपराखाली काम करत होतो आणि एकमेकांच्या घरची भाषा आम्हाला माहीत नव्हती. कॉफी येईपर्यंत थांबायला हवं होतं, पण माझ्याने राहवेना.

"अण्णा," मी मराठीत म्हटलं, "तिसऱ्या ओळीतल्या खांबाला नवा रंग लागलाय."

टेप कंबरेभोवती होता म्हणून त्यांना वळताही येईना. भिंतीकडे बघत म्हणाले, "लागलाय."

"कुणी लावला?"

"कुणीतरी लावला असंल."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि टेप सोडला. अण्णा स्टुलावर बसले.

"मी लावला," ते म्हणाले. मेडमऐवजी आता इथल्या रीतीने मला अम्मा म्हणत होते. "अर्धा डबा रंग डिकीत ठेवलाय मोपेडच्या. अम्मा, हमालीची मला लाज नव्हती. माझे वडील हमालच होते. पण त्या आठ दिवसांत जो लॉरीवाला यायचा तो विचारायचा, काय अण्णा, गाडी काढून घेतली का? रोज दहा-पंधरा जणांना तेच सांगायचं. काय सांगायचं? मग पुढच्या वेळी टेकली गाडी, तेव्हा मला वाटलं, रंग लावून टाकू."

"आणि वरून माल आला असता तर? खाली बायका बसतात, अण्णा."

"मला समजत नाही का ते?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "त्या गल्लीत शिरलो की मी आधी वर बघतो. घरी जेवताना आठवतं. पण एकदा लपवलं की मग सांगायचं कसं? तुम्हाला सांगायचं म्हणजे लिहिलंच जाणार."

खरंच होतं ते. मी आठवड्यातून एकदा फिरणार, ते दिवसभर त्याच गल्ल्यांतून गाडी चालवणार. धडक लागते तेव्हा तिथे हजर असतो तो ड्रायव्हर. आणि त्याचंच तोंड आम्ही बंद करून टाकलं होतं. त्या पहिल्या पोच्याचा मला झालेला आनंद आठवून मला स्वतःचीच लाज वाटली.

"किती ठिकाणी आहेत?" मी विचारलं.

"माझे दोन. त्याचा एक." म्हणजे दुसऱ्या ड्रायव्हरचा.

अप्पांनी कापायच्या टेबलावर तपकिरी कागद पसरला, ज्यावर ते कपड्यांचे बेत आखत, आणि खडूचा तुकडा अण्णांच्या हातात दिला. "काढून दाखवा."

अण्णांनी रॅकच्या ओळी काढल्या. फार सुबक काढल्या. एकेका गल्लीत एकेक फुली मारत गेले. तिसऱ्या फुलीशी, पाचव्या ओळीच्या टोकाजवळ, खडू थांबला.

"हा वाईट आहे. गाडी मागे घेताना बसली. पायाचा बोल्टच उपटलाय. तिथे रंगानं काय होणार? तरी लावला त्यानं."

"वर काय आहे?"

"वह्या. गुरुवारी भरल्या. तिन्ही मजले."

आईने कॉफी आणली ती कुणी घेतली नाही. मी चप्पल घालून कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवर गेले आणि गोदामाच्या वॉचमनला फोन लावला. पाचव्या ओळीत मांजरालासुद्धा जाऊ देऊ नका, असं सांगितलं. तो म्हणाला, मांजर जाणारच मेडम, उंदीर आहेत. माणूस कुणी जाणार नाही, एवढं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

परत आले तर अण्णा निघायच्या तयारीत होते. "साहेबांना नाव सांगणार?"

"नाही."

"विचारतील."

"विचारू देत."

ते गेल्यावर अप्पा म्हणाले, "मापाचा आकडा लिहायचा राहिला." मग कॉफीचा थंड झालेला पेला उचलून म्हणाले, "घाबरू नकोस. उद्या जे पाहिलंस तेच सांग."

सोमवारी मी लवकरची बस पकडली. पाचव्या ओळीलाही दोरी बांधली आणि साहेब येऊन बसायच्या आत त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले. तीन खांबांना धडक लागली आहे, एकाचा बोल्ट उपटला आहे, आणि पोच्यांवर रंग लावला आहे, असं सांगितलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ते सांगणार नाही, सर."

"म्हणजे? कुणी ठोकलं ते माहीत आहे आणि तुम्ही लपवता?"

"माहीत आहे. पण नाव सांगितलं तर यापुढे मला कुणी काही सांगणार नाही. आधी खांब बघा, सर. मग मला काय विचारायचं ते विचारा."

मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. ते चिडून उठले, पण टॉर्च घेऊनच उठले. पाचव्या ओळीच्या टोकाला दोरीपाशी उभे राहून त्यांनी खाली वाकून उजेड टाकला. खांबाच्या पायाची पट्टी अंगठाभर सरकली होती. बोल्ट तिरका होऊन वर आला होता, आणि त्या सगळ्यावर चकचकीत निळा रंग. ते बराच वेळ तसेच वाकून होते. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"वर?"

"वह्या. खांबाच्या दोन्ही बाजूंना. तिन्ही मजले."

त्यांनी मनगटाची बटणं सोडली आणि बाह्या वर केल्या. त्यांना तसं मी पहिल्यांदाच पाहत होते. "सगळ्यांना बाहेर काढा," ते म्हणाले.

पॅकिंगच्या बायका, हमाल, लॉरीवाले, सगळे बाहेर करंजाच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. तीन लॉऱ्या भरायला थांबल्या होत्या. टेबलावरचा फोन वाजत होता. हासनचा एक व्यापारी होता. साहेबांनी फोन घेतला आणि म्हणाले, "आज नाही. उद्या. का? कारण मी उद्या म्हणतोय." आणि ठेवून दिला.

माल उतरवायचा तर ज्याचा हात सगळ्यात हलका त्यानेच. याबद्दल कुणाला शंका नव्हती. साहेबांनी अण्णांना बोलावलं. दोघांनी मिळून ठरवलं, सगळ्यात वरचा मजला आधी. आळीपाळीने एकदा डावीकडचा पॅलेट, एकदा उजवीकडचा, म्हणजे ओझं एका बाजूला पडणार नाही. मागच्या गल्लीत कुणी नाही. मी सुरक्षित अंतरावर शिट्टी घेऊन उभी. खांब हलताना दिसला की वाजवायची.

सकाळी दहाला सुरू केलं. अण्णा काट्यांची टोकं पॅलेटखाली घालत, केसभर उचलत, थांबत, खांबाकडे बघत, आणि मगच मागे येत. एरवी दोन मिनिटांत होणाऱ्या कामाला पाव तास लागत होता. साहेब ओठ हलवत पॅलेट मोजत होते. मधल्या मजल्यावरचा शेवटचा पॅलेट उचलला तेव्हा कुठेतरी 'टक्' असा आवाज झाला. माझी शिट्टी तोंडातच राहिली, वाजली नाही. अण्णांनी मात्र गाडी जागच्या जागी थांबवली. हात वर केला. बाहेर लॉरीचा रेडिओ ऐकू येत होता. मग त्यांनी पॅलेट तसाच, सुईच्या टोकाएवढाही कुठे न टेकवता, हळूहळू मागे घेतला आणि खाली आणला.

अडीच वाजता रॅक रिकामा झाला. अण्णा उतरले तेव्हा खाकी शर्ट पाठीला चिकटला होता. साहेबांनी पुढे होऊन त्या खांबाला तळहाताने जरा ढकललं. हलणाऱ्या दातासारखा तो पुढेमागे झाला.

सगळे आत येऊन जमले होते. साहेबांनी विचारलं, "कुणी ठोकला हा?"

मी जमिनीकडे बघत राहिले. अण्णा म्हणाले, "मी, सर."

मागून दुसरा ड्रायव्हर पुढे आला. "नाही सर, हा माझा. त्यांचे दोन पलीकडे आहेत. रंग त्यांनीच आणला, पण हा मी लावला."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आणखी कुणाचं काही आहे?" हे त्यांनी रागाने विचारलं की काय, मला अजून सांगता येणार नाही. पण पॅकिंगची ती वयस्कर बाई पुढे झाली, कंबरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि म्हणाली, "सर, ही पिन मला पहिल्या ओळीत खाली पडलेली सापडली होती. कशाची ते ठाऊक नव्हतं. चांगली मजबूत वाटली म्हणून किल्ल्यांना अडकवली."

रॅकची पिन होती ती. आधी हमालांपैकी कुणीतरी हसलं, मग सगळेच, आणि शेवटी साहेबही. डोळे पुसत म्हणाले, "आधी जेवा. सगळे जेवा. माझ्या डब्यात चित्रान्न-भात आहे, तोही घ्या."

त्या दिवशी नियम वगैरे कुणी काही बोललं नाही. मंगळवारी सकाळी मी आले तेव्हा फळ्यावर नोटीस नव्हती. त्या जागी कागदाएवढा चौकोन मात्र बाकीच्या फळ्यापेक्षा स्वच्छ दिसत होता.

पुढचं सगळं हळूहळू जमत गेलं. पाण्याच्या पिंपाशेजारी एक वही टांगली आणि तिला पेन्सिल बांधली. गाडी टेकली, पिन दिसली नाही, बीम वाकल्यासारखा वाटला, तर लिहायचं. कसं झालं, कुणामुळे झालं, हे विचारायचं नाही. आधी तिथला माल उतरवायचा. पहिले आठ दिवस वही कोरी. नवव्या दिवशी अण्णांनी कन्नडमध्ये लिहिलं, 'चौथी ओळ, दुसरा खांब, हलकी धडक, मी.' सही केली. सगळं गोदाम दिवसभर वाट बघत होतं की आता काय होतं. संध्याकाळी साहेबांनी खाली 'सरी' एवढं लिहिलं, म्हणजे ठीक आहे, आणि सही केली. दुसऱ्या दिवशी वहीत तीन नोंदी होत्या.

फिटर परत आला. रॅकवर शाळेच्या वह्या किती भरल्या होत्या ते ऐकून त्याने कपाळाला हात लावला. हे रॅक उदबत्तीच्या बेताने बसवलेले, हे आम्हा कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने हिशेब करून वह्या फक्त खालच्या मजल्यांवर, तेही ठरावीक उंचीपर्यंत, असं सांगितलं. प्रत्येक ओळीच्या तोंडाला किती वजन चालेल त्याची पाटी लागली. खांबांच्या पायाशी जाड लोखंडी आडोसे बसले. आणि पॅकिंगच्या बायका माझ्याबरोबर शनिवारी फिरायला लागल्या. पिन शोधण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. त्या वयस्कर बाईने तर एकदा मी दोनदा बघून गेलेल्या सांध्यात पिनेच्या जागी खिळा आहे, असं लांबूनच सांगितलं.

लग्नानंतर मी शहरातल्याच जयलक्ष्मीपुरमला राहायला गेले. बस बदलली, नोकरी तीच राहिली. शनिवार मला आवडत गेला. गल्ल्यांतून चालताना अण्णा गाडीवरून मराठीत काहीतरी ओरडायचे, बाकीच्यांना कळू नये म्हणून, आणि ते बहुतेक वेळा जेवणाबद्दलच असायचं. इतक्या वर्षांत त्या रॅकखाली कुणाला इजा झाली नाही. एकदा एक अंगठा सुजला, तो माझाच. वह्यांचा गठ्ठा माझ्याच हातून माझ्याच पायावर पडला. तोही मी वहीत लिहिला.

बऱ्याच वर्षांनी कंपनीने बाहेरून तपासणीला एक तरुण इंजिनियर पाठवला. पुण्याचा होता. मी मराठी आहे हे कळल्यावर शुद्ध मराठीत बोलू लागला. माझं ऐकून म्हणाला, "तुमची मराठी फार गोड आहे हो." म्हणजे चुकीची आहे, असं मी समजून घेतलं. त्याने नोंदींच्या वह्या चाळल्या. तोवर अकरा-बारा साठल्या होत्या. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"इतक्या धडका? इतर गोदामांत मला कोऱ्या वह्या दाखवतात."

अण्णांना निवृत्त व्हायला तेव्हा थोडेच महिने राहिले होते. ते म्हणाले, "सर, मग तिथे आधी जाऊन रंग बघा."

इंजिनियरला ते कळलं नाही. मी समजावून सांगितलं. त्याने कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि तो स्वतः फिरायला निघाला. संध्याकाळपर्यंत त्याने प्रत्येक ओळ, प्रत्येक खांब बघितला. आमच्या वहीत नसलेली एकच गोष्ट त्याला सापडली. सहाव्या ओळीत, वरच्या मजल्यावर, एक पिन अर्धी बाहेर आलेली. शिडी लावून त्याने ती अंगठ्याने आत दाबली आणि नोंद केली.

पॅकिंगच्या त्या बाई, आता केस पूर्ण पिकलेले, हे ऐकून इतक्या रागावल्या की आठवडाभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. "ती काल संध्याकाळनंतर निघालीय," त्या येईल त्याला सांगत होत्या. "काल मी स्वतः बघितली होती." आम्ही कुणी वाद घातला नाही. त्यांनी खरंच बघितली असणार.